बाहुलीचे नवे शिंपी

भातुकली आणि बाहुला-बाहुलीचें लग्न हा आपल्याकडील मुलींच्या बालपणाचा ठराविक भाग होता. याद्या, रुखवत, मानपान हें सर्व मोठ्या माणसांचें अनुकरण असे. परंतु त्या खेळांत एक गोष्ट मात्र खरीखुरी होत असे, ती म्हणजे बाहुलीचे कपडे. आईच्या जुन्या लुगड्याचा कांठ, शिंप्याकडे उरलेला खणाचा तुकडा, सुईदोरा आणि दुपारचा निवांत वेळ एवढ्या सामग्रीवर मुलगी बाहुलीला चोळी शिवी. आणि शिवतां शिवतां माप घेणें, बेतणें, दुमड घालणें, टांका लपविणें हें सर्व तिला कोणी मुद्दाम न शिकवितां येई. आज त्या बाहुलीची जागा फोनच्या कांचेमागील बाहुलीनें घेतली आहे. आणि नवल असें कीं, शिंपीकामहि तिच्या मागोमाग कांचेमागें गेलें आहे. तें आतां केवळ मुलींचें राहिलेलें नाहीं. मुलगेहि तितक्याच हौसेनें त्यांत गुंतलेले दिसतात.

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत हल्लीं एक तक्रार वरचेवर असते. “मुलगा तासन् तास फोनवर चौकोन रंगवीत बसतो. विचारलें तर म्हणतो, मी कपडे करतों आहें. याला उद्योग म्हणावें कीं रिकामपण?” प्रश्न रास्त आहे. मात्र मूल नेमकें काय करीत आहे हें पाहिल्यावांचून त्याचें उत्तर देतां येणार नाहीं. म्हणून या महिन्यांत आपण त्या चौकोनांकडेच जरा बारकाईनें पाहूं.

ज्या खेळांसाठीं असे कपडे होतात त्यांपैकीं मुलांच्या तोंडीं सर्वांत अधिक असलेला खेळ म्हणजे रोब्लॉक्स. अमेरिकेंत कॅलिफोर्निया संस्थानांत डेव्हिड बझुकी व एरिक कॅसेल या दोघांनीं २००४ सालीं ही कंपनी काढली, आणि २००६ सालीं खेळ लोकांस खुला झाला. त्याला एक खेळ म्हणण्यापेक्षां खेळांची जत्रा म्हणणें अधिक योग्य होईल. कारण त्यांतील निरनिराळे खेळ खेळणाऱ्यांनींच रचलेले असतात, आणि प्रत्येक मूल आपलें एकच पात्र घेऊन या राहुटींतून त्या राहुटींत हिंडत असतें. त्या पात्राला तेथें ‘अवतार’ म्हणतात.

हा शब्द आपल्या घरचाच. ‘अव’ म्हणजे खालीं आणि ‘तॄ’ म्हणजे तरणें, ओलांडणें. तेव्हां अवतार म्हणजे उतरून येणें. इंग्रजींत हा शब्द फार पूर्वींच गेला होता. १९८५ सालीं ‘अल्टिमा’ मालिकेंतील चौथ्या खेळाच्या नांवांत तो आला, पुढच्याच वर्षीं ‘हॅबिटॅट’ नांवाच्या खेळांत खेळाडूच्या चित्राला तो लावण्यांत आला, आणि १९९२ सालच्या नील स्टीव्हन्सन यांच्या ‘स्नो क्रॅश’ या कादंबरीनें तो सर्वतोमुखी केला. देवानें जगांत उतरावें यासाठीं योजलेला शब्द आतां सातवींतील मुलानें खेळांत उतरावें यासाठीं वापरला जातो. तरी अर्थ फारसा बिघडलेला नाहीं. उतरणारा कोणत्या रूपानें उतरतो, यालाच दोन्ही ठिकाणीं महत्त्व आहे.

आतां या जत्रेंत शिरणाऱ्या नवख्या मुलाची स्थिति पाहा. खातें उघडतांच त्याला कांहीं फुकटचे कपडे व केस मिळतात. तेच इतर असंख्य नवख्यांनाहि मिळालेले असतात. त्या ठराविक तपकिरी केसांच्या बटा तळलेल्या मांसाच्या पट्ट्यांसारख्या दिसतात, म्हणून जुनीं मुलें अशा पात्राला ‘बेकन’ म्हणून हिणवितात. शब्द परका असला तरी त्यामागील प्रकार आपल्या ओळखीचा आहे. थोरल्या भावाचा उतरलेला सदरा घालून शाळेंत जाणाऱ्या मुलाला जें सोसावें लागे, तेंच हें. खेळाची पेठ या दुखण्यावर औषध तयारच ठेवते. ‘रोबक्स’ नांवाचें खेळांतील नाणें रोख पैसे मोजून घ्यावें, आणि त्यानें केस, टोप्या, पंख, सदरे हवे तेवढे घ्यावे!

या पेठेंत भाव कोठवर चढूं शकतो याचें एक उदाहरण प्रसिद्ध आहे. २०२१ च्या मे महिन्यांत गुच्ची या इटालियन पेढीनें रोब्लॉक्समध्यें आपलें प्रदर्शन मांडलें होतें. तेथें थोड्याशा रोबक्सना विकलेली एक पिशवी पुढें खेळाडूंच्या आपसांतील विक्रींत ३,५०,००० रोबक्सना, म्हणजे चार हजार डॉलरांहून अधिक किंमतीला गेली. त्याच घाटाची खरी, चामड्याची, खांद्याला अडकवितां येणारी पिशवी दुकानांत याहून स्वस्त मिळत होती. खेळांतली पिशवी खेळाबाहेर नेतां येत नाहीं, तींत एक रुपयाहि ठेवतां येत नाहीं. तरी तिच्यासाठीं एवढी रक्कम मोजणारा भेटला.

तेव्हां या लाजेंतून सुटण्याचे दोन मार्ग मुलापुढें असतात. एक वडिलांच्या खिशाचा, दुसरा स्वतःच्या बोटांचा. जें मूल चौकोन रंगवीत बसलें आहे त्यानें दुसरा मार्ग धरला आहे, हें आईबापांनीं प्रथम ध्यानांत घ्यावें. त्याच्या हातून फोन काढून घेण्यापूर्वीं तें काय बेतीत आहे हें पाहावें.

रोब्लॉक्समधील जुन्या पद्धतीचे कपडे तीन प्रकारचे. पहिला टी-शर्ट. हें नांव फसवें आहे. कारण एक चौरस चित्र पात्राच्या छातीवर चिकटवावयाचें, एवढेंच त्यांत असतें. नवशिक्यानें येथून आरंभ करावा. दुसरा सदरा आणि तिसरी विजार. या दोहोंत खरें शिंपीकाम आहे. पात्राचें मूळचें शरीर सहा ठोकळ्यांचें असतें: डोकें, धड, दोन हात आणि दोन पाय. सदऱ्यानें धड व दोन हात असे तीन ठोकळे झांकावयाचे. प्रत्येक ठोकळ्याला सहा बाजू. तेव्हां एका सदऱ्याचे अठरा तुकडे झाले. पुठ्ठ्याची पेटी उलगडून जमिनीवर सपाट पसरावी, तसे हे अठराहि तुकडे एकाच चित्रावर पसरून मांडलेले असतात. हाच बेताचा कागद. तो ५८५ ठिपके रुंद व ५५९ ठिपके उंच असतो. या ठिपक्यांनाच पिक्सेल म्हणतात. धडाची पुढची व मागची बाजू म्हणजे प्रत्येकीं १२८ ठिपक्यांचा चौरस. कुशीच्या दोन बाजू ६४ रुंद व १२८ उंच, आणि हाताच्या चारहि बाजू तेवढ्याच. खांद्यावरचा भाग १२८ रुंद व ६४ उंच. हाताचीं दोन टोंकें ६४ चे लहान चौरस. विजारीचा बेत हुबेहूब असाच, फक्त हातांच्या जागीं पाय. पुढें पात्राचें शरीर पंधरा तुकड्यांचें करण्यांत आलें आणि कोपर व गुडघे वांकूं लागले, तरी बेताचा कागद तोच राहिला.

येथें भूमिति व शिंपीकाम यांची गांठ पडते. धड आणि हात यांची उंची सारखीच, म्हणून छातीवर वरून चाळीस ठिपके सोडून आडवा पट्टा काढला तर हातांवरहि चाळीसच सोडावे लागतात. नाहीं तर पट्टा छातीवर एके ठिकाणीं आणि बाहीवर दुसऱ्याच ठिकाणीं दिसतो. छातीच्या तुकड्याची कड कुशीच्या तुकड्याच्या कडेशीं, आणि कुशीची पुढें पाठीशीं जुळली पाहिजे. कागदावर हे तुकडे जेथें दूर दूर असतात, तेथें ते अंगावर कसे भेटतील याचें चित्र मुलाला मनांतल्या मनांत उभें करावें लागतें. उघड्यावरून बंद पेटी ओळखणें हा बुद्धिमापनाच्या परीक्षांतील एक नेहमींचा प्रश्न आहे. येथें मूल तो खेळांत, आणि आपण होऊन सोडवीत असतें.

हें सर्व संगणकावर सोपें. परंतु ज्यांच्या हातीं फोनच आहे त्यांचेंहि अडत नाहीं. रीत थोडक्यांत अशी. कंपनीनें आपल्या संकेतस्थळावर बेताचें कोरें चित्र ठेवलेलें आहे, तें फोनमध्यें उतरवून घ्यावें. आयबिस पेंटसारख्या चित्रकलेच्या ॲपमध्यें तें मूळच्याच मापानें उघडावें. बेताच्या कागदावर पातळ ट्रेसिंगचा कागद ठेवावा त्याप्रमाणें त्यावर एक पारदर्शक थर घालावा, आणि रंगकाम त्या थरावर करावें. मूळ रंग एका थरावर, नक्षी दुसऱ्यावर, छाया तिसऱ्यावर असें ठेवलें म्हणजे एक चुकलें तर दुसरें खोडावें लागत नाहीं. काम पुरें झालें कीं खालचा बेताचा थर लपवावा आणि चित्र पीएनजी स्वरूपांत, पारदर्शकतेसह, सांठवावें. जो भाग रंगविला नाहीं तेथें पात्राची कातडी दिसते. म्हणून अर्ध्या बाहीचा सदरा हवा असेल तर हाताचा खालचा भाग कोरा सोडावा, त्याला कातडीचा रंग देत बसूं नये. नंतर फोनच्या ब्राउझरमधून कंपनीच्या निर्मात्यांसाठीं असलेल्या पानावर जाऊन चित्र चढवावें. सदरा व विजार यांना रोबक्समध्यें लहानसें शुल्क पडतें, आणि तपासणी झाल्यावरच ते अंगावर घालतां येतात.

फोनवर काम करतांना दोन अडचणी विशेष येतात. एक म्हणजे बोट. जेथें रेघ काढावयाची तीच जागा बोटाखालीं झांकली जाते. म्हणून चित्र खूप मोठें करून, थोडा थोडा भाग घेऊन काम करावें, आणि मधून मधून लहान करून सगळें एकत्र पाहावें. दुसरी अडचण चित्राची ने-आण. मैत्रिणीनें केलेलें चित्र वॉट्सॲपवरून साध्या छायाचित्राप्रमाणें मागविलें तर वाटेंत त्याची पारदर्शकता जाते आणि कोऱ्या भागांत पांढरा रंग भरला जातो. चित्र चढविल्यावर पात्राचे हात चुना फांसल्यासारखे पांढरे दिसले, तर कारण बहुधा हेंच असतें. तें फाइल म्हणून पाठविलें असतां ही आपत्ति टळते.

मोठ्यांच्या सहसा लक्षांत न येणारी गोष्ट ही कीं, येथें कापड नसून केवळ रंग आहे. ठोकळ्यावर रंगविलेल्या वस्त्राला चुणी पडत नाहीं, तें वाऱ्यानें हलत नाहीं, त्याची घडी मोडत नाहीं. चुणी हवी असेल तर ती काढावी लागते. आणि ती काढण्यासाठीं आधीं पाहावी लागते. काखेपासून छातीकडे तिरप्या सुरकुत्या कां जातात, कोपराच्या आंतल्या बाजूला त्या दाट कां होतात, खिशाच्या खालच्या कडेला सावली कां पडते, हें ज्या मुलानें दोरीवर वाळणाऱ्या किंवा वडिलांच्या अंगांतल्या सदऱ्यावर निरखलें आहे, त्याचा रंगविलेला सदरा सदऱ्यासारखा दिसतो. बाकीच्यांचा ठोकळ्याला फांसलेला रंगच राहतो. चित्र आणि वस्त्र यांची ही देवघेव आपल्याकडे नवीन नाहीं. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ सालीं मुंबईंत निघाला आणि लक्ष्मी-सरस्वतींचीं चित्रें घरोघर गेलीं, तेव्हां हौशी हातांनीं त्या छापील देवतांना खऱ्या कापडाचीं वस्त्रें, जर आणि टिकल्या लावून सजविलें होतें. त्या काळीं चित्रावर कापड चढविलें गेलें. आतां कापडाचें चित्र बाहुलीवर चढूं लागलें आहे.

आपल्या वेषाचा प्रश्न आला कीं या कामाला निराळीच गोडी येते. समजा, एखाद्या मुलीनें आपल्या पात्राला साडी नेसवावयाची ठरविली. गोल नेसलेली पांचवारी येथें मुळींच साधत नाहीं. पात्र चालूं लागतांच दोन पाय दोन ठोकळ्यांप्रमाणें अलग होतात, आणि रंगविलेल्या निऱ्या मधोमध फाटतात. परदेशांतील मुलींना झगा रंगवितांना हीच अडचण येते. नऊवारीला मात्र ती नाहीं! कासोटा घालून नेसलेलें लुगडें मुळांतच दोन्ही पायांना वेगवेगळें वेढतें. ज्या नेसण्यानें आपल्या आज्या-पणज्यांना विहिरीवर व शेतांत मोकळेपणीं वावरतां आलें, तेंच या ठोकळ्यांच्या बाहुलीलाहि सोयीचें ठरतें.

नऊवारी रंगवितांना विजारीचा बेत घ्यावा. प्रत्येक पायाच्या पुढच्या बाजूवर निऱ्यांच्या उभ्या रेघा आंतल्या कडेशीं दाट व बाहेर विरळ काढाव्या. मागच्या बाजूवर कांठ आंतल्या कडेनें वर चढवावा, आणि धडाच्या मागील तुकड्यावर तो कमरेशीं मधोमध खोंचलेला दाखवावा. घोट्याजवळचा भाग कोरा सोडावा. चोळी सदऱ्याच्या बेतावर, बाही कोपरापर्यंत. सदरा हा विजारीवर चढतो, म्हणून चोळीखालील भाग सदऱ्याच्या बेतावर कोरा ठेवला असतां लुगड्याची कंबर खालून आपोआप दिसते. पदर उजव्या कुशीपासून छातीवरून डाव्या खांद्यावर न्यावा; आणि गफलत होते ती येथेंच. समोरून पाहतां पात्राचा डावा खांदा आपल्या उजव्या हाताला असतो, मागून पाहतां तोच आपल्या डाव्या हाताला येतो. पुढच्या तुकड्यावर उजवीकडे चढलेला पदर खांद्यावरच्या पट्टीवरून जाऊन मागच्या तुकड्यावर डावीकडे उतरला पाहिजे. हें न साधल्यास पदर खांद्याशीं तुटतो आणि पाठीवर भलत्याच बाजूनें प्रकट होतो. आरशासमोर एकदां खरोखरीचा पदर घेऊन पाहिला तर हा घोटाळा लवकर उलगडतो.

कांठ पैठणीचा हवा असेल तर अडचण जागेची. पायाची एक बाजू अवघी ६४ ठिपक्यांची. त्यांत कांठाला आठ-दहा ठिपके मिळावयाचे. येवल्याचा विणकर कांठावर जो मुनिया, म्हणजे पोपट, बारीक तारांनीं उठवितो, तो एवढ्या जागेंत मावत नाहीं. तेथें हिरवे तीन ठिपके, चोंचीचा तांबडा एक, आणि शेजारीं सोनेरी रेघ एवढ्यावर भागवावें लागतें. दुरून तो पोपटच दिसतो. थोडक्यांत पुष्कळ सांगण्याची ही विद्या आपल्या घरांतून गेलेली नाहीं. जाळीच्या कापडावर घरें मोजून टांके घालणाऱ्या बायकांनीं पोपट, कमळें आणि तुळशीवृंदावनें याच रीतीनें भरलीं. ठिपक्यांच्या रांगोळींतहि मोजणी आधीं आणि रेघ मागून. ज्या घरांत भरतकामाच्या नमुन्यांची जुनी वही आहे, तेथील आजीनें ती नातवंडापुढें उघडावी. वहींतील एकेक घर म्हणजे फोनवरचा एकेक ठिपका, हें मुलाला सांगावें लागणार नाहीं. या एका कामांत नातवंडाला फोनची माहिती अधिक आणि आजीला नक्षीची. अशी बरोबरीची बैठक घरांत वारंवार जमत नाहीं.

अलीकडे या खेळांत एकावर एक चढविण्याचे, तीन मितींचे कपडेहि आले आहेत. त्यांत प्रत्येक कपड्याभोंवतीं न दिसणारे दोन पिंजरे असतात; आंतला खालच्या अंगाशीं जुळवून घेतो, बाहेरचा वरच्या कपड्याला आधार देतो. त्यामुळें सदऱ्यावर कोट बसतो, झगा झग्यासारखा राहतो, आणि ठेंगण्या पात्राला केलेला कपडा उंच पात्रालाहि येतो. परंतु ते करण्यास ब्लेंडरसारखें साधन व संगणक लागतो. ब्लेंडर फुकट मिळतें. मात्र तें शिकण्यास चिकाटी पाहिजे. सपाट बेताची संवय झालेल्या मुलाला ही पुढची पायरी जड जात नाहीं.

आतां पैशाची बाजू. स्वतः रंगविलेला सदरा खेळांतील पेठेंत विकतांहि येतो, आणि येथूनच मुलांच्या डोक्यांत श्रीमंतीचीं स्वप्नें शिरतात. तीं रागावून घालवूं नयेत; हिशेबानें घालवावींत. विक्रीच्या अटी कंपनी ठरविते व वेळोवेळीं बदलते. प्रत्येक विक्रींतून ती आपला वाटा कापून घेते. मिळालेल्या रोबक्सचे खरे पैसे करून घ्यावयाचे तर वय किमान १३ वर्षें पाहिजे आणि स्वतः कमावलेले किमान ३०,००० रोबक्स जवळ पाहिजेत. शिवाय रोबक्स विकत घेतांना जो दर पडतो, त्याच्या सुमारें एक-तृतीयांश दरानेंच ते परत मोडतात. एका सदऱ्यामागें पांच रोबक्स हातीं पडले असें धरलें, तर ३०,००० होण्यास ६,००० सदरे खपले पाहिजेत! हें त्रैराशिक मुलाकडूनच कागदावर मांडून घ्यावें. हिशेब स्वतःच्या हातानें केला म्हणजे तो पटतो. कांहीं थोडे लोक यांतून चांगलें मिळवितात हें खरें. पण नाटकांत पैसा आहे म्हणून प्रत्येक नटाचा बंगला होत नाहीं. घरच्या कार्डाचा क्रमांक खेळांत सांठवूं नये आणि यूपीआयचा गुप्त अंक मुलास सांगूं नये. रंगकामाच्या शुल्कापुरती लहान रक्कम महिन्याला नेमून द्यावी, आणि ती संपली कीं पुढच्या महिन्यापर्यंत थांबण्याची संवय लावावी.

पैशाहून मोठी गोष्ट श्रमाच्या मालकीची आहे. या पेठेंतला सदरा म्हणजे शेवटीं एक सपाट चित्र. त्यामुळें दुसऱ्याचें चित्र उचलून आपल्या नांवानें चढविणाऱ्यांचा तेथें सुळसुळाट आहे. चार दिवस खपून केलेला सदरा दुसऱ्याच्या दुकानांत टांगलेला दिसला म्हणजे मुलाला होणारें दुःख खरें असतें. ‘खेळच तो’ म्हणून तें हंसण्यावारी नेऊं नये. आपल्या देशाच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणें चित्र काढणाऱ्याचा हक्क तें काढतांच निर्माण होतो, त्यासाठीं नोंदणी आवश्यक नाहीं, हें मुलाला सांगावें. सर्व थर असलेली मूळ फाइल जपून ठेवण्यास शिकवावें. आयबिस पेंटमध्यें चित्र कसें घडत गेलें याची चित्रफीतहि निघते, ती श्रमाचा चांगला पुरावा होय. कंपनीकडे तक्रार करतांना या दोन गोष्टी उपयोगी पडतात.

परंतु हा धडा दुधारी आहे. ज्याला आपला सदरा चोरलेला खपत नाहीं, त्यानें दुसऱ्याचा उचलूं नये. प्रसिद्ध पेढीचें चिन्ह आपल्या सदऱ्यावर काढून तो विकणें, किंवा दुसऱ्या मुलीच्या नक्षीचा रंग बदलून ती स्वतःची म्हणणें, हीहि चोरीच आहे. पैठणीचा मोर कोणा एकाचा नाहीं, तो पिढ्यान् पिढ्यांचा आहे, तो घ्यावा. मैत्रिणीनें आपल्या हातानें बसविलेला मोर मात्र तिचा आहे. हा फरक दहा वर्षांच्या मुलाला कळतो. फक्त कोणीतरी तो वेळेवर सांगितला पाहिजे.

जत्रेंत अनोळखी माणसें असतात, तशीं येथेंहि असतात. २०२५ च्या नोव्हेंबरांत कंपनीनें खेळांतील गप्पांसाठीं वयाची पडताळणी सक्तीची करण्याचें जाहीर केलें. तरी त्यावर विसंबून आईबापांनीं डोळे मिटूं नयेत. ‘तुझे कपडे छान आहेत, माझ्यासाठीं कर, मी फुकट रोबक्स देतों’ असें म्हणणाऱ्याला खात्याचा गुप्त शब्द द्यावयाचा नाहीं, आणि त्याच्याशीं खेळाबाहेर बोलावयाचें नाहीं, हा नियम घरांत निरपवाद असावा. मुलानें असा निरोप आला तर तो दाखवावा, आणि दाखविल्याबद्दल त्याला बोलणीं खावीं लागूं नयेत.

मग हा उद्योग कीं रिकामपण? आमच्या मतें कसोटी सोपी आहे. मूल पेठेंत हिंडून विकतचे कपडे न्याहाळण्यांत वेळ घालवितें कीं स्वतः बेततें, हें पाहावें. पहिलें असेल तर वेळेला लगाम घालावा. दुसरें असेल तर वेळेला मर्यादा असावी, पण तिच्यासोबत कौतुकाची नजरहि असावी. डोळ्यांना विश्रांति, अभ्यास आणि उघड्यावरचा खेळ यांना कात्री लागूं देऊं नये. शक्य तर एखादा बेत खऱ्या कागदावर, रंगाच्या पेटीनें करवून घ्यावा, आणि तो कापून-चिकटवून ठोकळ्याची बाहुली उभी करावी. ती कोणत्याहि कंपनीच्या मर्जीवर अवलंबून राहत नाहीं. ज्याला आपल्या पात्राचा सदरा स्वतः करतां येतो, त्याला दुसऱ्याच्या झगमगाटानें खालीं पाहावें लागत नाहीं, आणि साध्या कपड्यांतल्या नवख्याला हिणविण्याची इच्छाहि त्याला सहसा होत नाहीं. कारण एका सदऱ्याला किती टांके लागतात हें त्याला ठाऊक असतें.

पुढच्या वेळीं मुलानें फोन पुढें करून “पाहा, कसा झालाय” असें म्हटलें, तर नुसतें “छान” म्हणून सोडूं नये. शिवणाची पारख उलट बाजूनें होते हें जुन्या बायकांना माहीत होतें. त्याला म्हणावें, बाहुली फिरव, आणि कुशीची शिवण दाखव.